हप्ता हजारानं वाढला, मुदत दहा वर्षांनी : कदमवाडीच्या एका घरकर्जाचं प्रकरण

घरकर्जाची चर्चा घरात होते ती हप्त्याची. हप्ता वाढला की पोटात गोळा येतो, कमी झाला की हायसं वाटतं. मुदतीकडे मात्र कुणी बघत नाही, आणि बदलत्या व्याजदराच्या कर्जात खरा फटका बसतो तो तिथेच. हा फटका कसा बसतो आणि त्यातून बाहेर कसं पडायचं, ते इथे एका प्रकरणातून दाखवलं आहे. कुटुंब नमुन्यादाखल जुळवलेलं आहे. कर्जाचे आकडे मात्र हप्त्याच्या सूत्रानं महिनावार काढलेले आहेत, आणि दराचे चढउतार रिझर्व्ह बँकेनं केलेल्या बदलांप्रमाणेच धरले आहेत.

परिस्थिती

कोल्हापुरात कदमवाडीत दोन मजली रो-हाऊस, वर सुमारे ६०० चौरस फुटांची उघडी गच्ची. घरात पाच माणसं : नवरा-बायको, दोन मुलं आणि सासूबाई. नवरा शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत सुपरवायझर, वय ४१, हातात पगार ३८,०००. बायको खासगी शाळेत शिकवते, पगार १४,०००. ओव्हरटाइम मिळतो, पण तो ऑर्डरवर अवलंबून, म्हणून हिशेबात धरलेला नाही. महिन्याची पक्की आवक ५२,०००.

जानेवारी २०२१ मध्ये एका बँकेतून २५ लाखांचं कर्ज घेतलं. मुदत २० वर्षं, म्हणजे २४० हप्ते, शेवटचा हप्ता जानेवारी २०४१ चा. त्या वेळी रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दरानं बँकांना उसने पैसे देते तो, ४ टक्के होता. त्यावर बँकेचा जादा टक्का, ज्याला स्प्रेड म्हणतात, तो २.९० लावून दर ६.९० ठरला. हप्ता बसला १९,२३३ रुपये.

जानेवारी २०२६ ला घराचं महिन्याचं गणित असं होतं : घरकर्जाचा हप्ता २०,२०७, पतसंस्थेच्या कर्जाचा हप्ता ६,८३६, भिशी ५,०००. हे ३२,०४३ गेल्यावर उरतात २०,००० च्या आत. त्यात किराणा, दूध, गॅस, लाईट बिल, शाळेच्या फिया, गाडीचं पेट्रोल आणि सासूबाईंची औषधं. ओढाताण होणारच, आणि ती पहिल्यांदा दिसली घरफाळ्यात, म्हणजे महापालिकेच्या घरपट्टीत. दोन वर्षांचा घरफाळा थकला होता.

पतसंस्थेचं कर्ज कशाचं? जुलै २०२४ मध्ये स्लॅब गळत होता म्हणून २ लाख काढले : १४ टक्के, घटत्या शिल्लकीवर, ३६ हप्ते. त्याच पतसंस्थेत १,२०,००० ची ठेवही होती, साडेआठ टक्क्यांनी. ‘ठेव अडीअडचणीला असू दे’ म्हणून ती मोडली नव्हती.

हप्त्यात न दिसलेली वाढ

मे २०२२ पासून रेपो दर चढत गेला. ४ टक्क्यांवरून फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो साडेसहावर पोचला. रेपोशी जोडलेल्या कर्जाचा दर बँकेला तीन महिन्यांतून किमान एकदा नव्यानं लावावा लागतो. या प्रकरणात तो दर तिमाहीला बदलत गेला : जुलै २०२२ ला ७.८०, ऑक्टोबरला ८.८०, जानेवारी २०२३ ला ९.१५, एप्रिल २०२३ ला ९.४०.

सुरुवातीला बँकेनं हप्ता तोच ठेवला आणि मुदत लांबवली. ऑक्टोबर २०२२ मध्येच २० वर्षांचं कर्ज हिशेबानं जवळपास ३० वर्षांचं झालं होतं. घरात कुणाला पत्ता नव्हता, कारण खात्यातून दरमहा तेच १९,२३३ जात होते. ‘आपल्या कर्ज खात्याचा व्याजदर बदलला आहे’ एवढ्या एका ओळीचा मेसेज येऊन गेला. पुढे दर आणखी वाढला आणि बँकेची ३० वर्षांची कमाल मर्यादा गाठली गेली, तेव्हा नाइलाजानं हप्ता वाढला : आधी १९,७८३, मग २०,२०७. घरात समज झाली की व्याज वाढलं म्हणून हप्ता हजारभर रुपयांनी वाढला. चालायचंच.

एप्रिल २०२३ ला जानेवारी २०४१ हीच शेवटची तारीख राखायची असती, तर हप्ता २३,०८४ करावा लागला असता. म्हणजे खरी वाढ ३,८५१ रुपयांची होती. त्यातले ९७४ हप्त्यात दिसले. बाकीचा बोजा मुदतीत गेला आणि शेवटची तारीख जानेवारी २०४१ वरून जानेवारी २०५१ झाली. पहिल्या तारखेला नवरा ५६ वर्षांचा असेल, दुसऱ्या तारखेला ६६. नोकरी ५८ ला संपते.

मे २०२३ ते एप्रिल २०२५ या चोवीस महिन्यांत घरानं ४,८४,९६८ रुपये भरले. मुद्दल कमी झालं ३९,५२९ रुपयांनी. पाच वर्षांचं चित्र याहून वेगळं नाही : एकूण भरणा ११,८७,७७२, आणि १ जानेवारी २०२६ ला शिल्लक २३,१७,८८० रुपये. पाच वर्षांत फिटले १ लाख ८२ हजार.

यात बँकेनं हिशेबात लबाडी केली असं काही नाही. लांब मुदतीच्या कर्जात सुरुवातीचा बहुतेक हप्ता व्याजातच जातो, आणि दर वाढूनही हप्ता तसाच ठेवला की मुद्दलाला जाणारा आधीच छोटा असलेला वाटा पार आटतो. हे मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर तपासता येतं. शिल्लक मुद्दल गुणिले वार्षिक दर, भागिले १२००. एप्रिल २०२३ चं बघा : २३,८७,६८५ गुणिले ९.४, भागिले १२०० म्हणजे व्याज १८,७०४. हप्ता २०,२०७ वजा व्याज १८,७०४, मुद्दलाला गेले १,५०३. हा एवढा हिशेब दर तिमाहीला केला तरी कर्ज कुठे चाललंय ते कळतं.

दर उतरले, आता काय?

२०२५ मध्ये वारं फिरलं. फेब्रुवारी, एप्रिल, जून आणि डिसेंबर अशा चार कपातींत रेपो ६.५० वरून ५.२५ वर आला. या कर्जाचा दर एप्रिलपासून ९.१५, जुलैपासून ८.४० आणि जानेवारी २०२६ पासून ८.१५ झाला. या काळात हप्ता २०,२०७ च राहिला आणि मुदत आपोआप आखडत गेली. मग जानेवारीत बँकेकडून विचारणा आली : हप्ता १८,१२१ करून हवा का? शेवटची तारीख मात्र मग पुन्हा जानेवारी २०५१ च धरली जाईल.

महिन्याला २,०८६ रुपये सुटणार! २०,००० मध्ये घर चालवणाऱ्या माणसाला हा मोह होणार, आणि त्यात त्याची चूक नाही. म्हणून दोन्ही बाजू मांडून बघणं भाग आहे. सगळी गणितं २३,१७,८८० च्या शिल्लकीवरची, आणि दर पुढे तोच राहील असं धरून केलेली.

हप्ता १८,१२१, दर ८.१५ : अजून ३०० हप्ते, पुढचं व्याज ३१ लाख १८ हजार, शेवट जानेवारी २०५१.

हप्ता २०,२०७ च, दर ८.१५ : २२३ हप्ते, व्याज २१ लाख ८९ हजार, शेवट ऑगस्ट २०४४.

हप्ता २०,२०७, स्प्रेड कमी करून घेऊन दर ७.५० : सुमारे २०३ हप्ते, व्याज १७ लाख ७५ हजार, शेवट डिसेंबर २०४२ च्या सुमारास.

पहिल्या दोन ओळींत ९ लाख २९ हजारांचा फरक आहे. हप्ता कमी केला तर पुढच्या साडेअठरा वर्षांत ४ लाख ६५ हजार हातात राहतात, आणि त्यानंतर ७७ महिने दरमहा १८,१२१ भरत बसायचं, तेही पगार बंद झाल्यावर. नोकरी गेली, घरात मोठं आजारपण आलं, तर हप्ता कमी करून घेणं योग्यच. इथे तशी वेळ नाही. ओढाताण आहे ती पतसंस्थेच्या हप्त्यामुळे, आणि ती सोडवायला दुसरा मार्ग आहे.

स्प्रेडचं काम आधी

तिसरी ओळ बहुतेकांना ठाऊकच नसते. रेपो सगळ्यांना सारखाच, स्प्रेड मात्र नव्या गिऱ्हाइकाला वेगळा आणि जुन्याला वेगळा असू शकतो. या प्रकरणात जुन्या कर्जाला २.९० लागत होता आणि तीच बँक नव्या कर्जाला २.२५ लावत होती. रेपो कितीही उतरला तरी हे ०.६५ जुन्या गिऱ्हाइकाच्या मानगुटीवर तसेच राहतात, तो मागणी करेपर्यंत. ऑक्टोबर २०२५ पासून रिझर्व्ह बँकेनं बँकांना स्प्रेडमधले काही घटक तीन वर्षांची वाट न बघताही कमी करायला मोकळीक दिली आहे. त्यामुळे ‘तीन वर्षं हात लावता येत नाही’ या उत्तरावर परत यायचं नाही.

जाताना सोबत हवं ते असं : कर्ज खातेउतारा, मूळ मंजुरीपत्र, गेल्या वर्षभराच्या हप्त्यांच्या नोंदींचं पासबुक आणि त्याच बँकेच्या नव्या घरकर्जाच्या दरांचं छापील पान. तोंडी बोलणं उपयोगाचं नाही. अर्ज दोन प्रतींत द्यायचा आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्यायचा. मजकूर साधा असावा :

‘माझ्या घरकर्ज खात्याला सध्या रेपो अधिक २.९० टक्के असा दर लागू आहे. आपली बँक नव्या घरकर्जास रेपो अधिक २.२५ टक्के दर देत आहे. माझे सर्व हप्ते वेळेवर गेले आहेत. तरी माझा स्प्रेड त्याप्रमाणे कमी करावा. दर कमी झाल्यावर हप्ता रु. २०,२०७ हाच कायम ठेवून मुदत कमी करावी. लागणारे शुल्क व सुधारित हप्त्यांचे वेळापत्रक लेखी कळवावे.’

यातलं पाचवं वाक्य, ‘हप्ता कायम ठेवून मुदत कमी करावी’, गाळायचं नाही. ते नसेल तर दर कमी होतो, हप्ताही कमी होतो, आणि मुदत २०५१ ला चिकटलेलीच राहते. कमी हप्त्याच्या आनंदात हे कळतही नाही. नवं वेळापत्रक हातात आल्यावर शेवटच्या पानावरची तारीख बघा.

इथे शुल्क होतं ५,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून ५,९००. त्या बदल्यात पुढच्या व्याजात ४ लाख १४ हजारांची बचत. एवढ्या कमी पैशात एवढं मोठं काम घरकर्जात दुसरं होत नाही.

बँक हललीच नाही तर कर्ज दुसऱ्या बँकेत नेता येतं. वैयक्तिक घरकर्ज बदलत्या दराचं असेल तर मुदतीआधी फेडण्याचा दंड लागत नाही. पण नव्या बँकेची प्रोसेसिंग फी, वकिलाचा सर्च रिपोर्ट, मूल्यांकन, कागद तारण ठेवल्याचं मुद्रांक शुल्क आणि नोटीस ऑफ इंटिमेशनची (कर्ज घेतल्याच्या सूचनेची) नोंदणी हे सगळं नव्यानं भरावं लागतं. हा खर्च आधी लिहून घ्यायचा आणि मगच ठरवायचं. बहुतेक वेळा दुसऱ्या बँकेचं लेखी मंजुरीपत्र दाखवलं की आपलीच बँक बोलायला तयार होते.

१८ ऑगस्ट २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाचा इथे आधार आहे. दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे निवडायची संधी कर्जदाराला द्यावी लागते. शिवाय दर तिमाहीला उतारा द्यावा लागतो, ज्यात तोपर्यंत वसूल झालेलं मुद्दल आणि व्याज, हप्ता, शिल्लक हप्त्यांची संख्या आणि वार्षिक दर असतो. तो मिळत नसेल तर मागा. लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फी न भरता तक्रार करता येते.

कोणतं देणं आधी?

आता बाकीची देणी. घरात सगळ्यांची नजर घरकर्जावर, कारण ते सगळ्यात मोठं. पण रकमेवरून क्रम लावायचा नसतो, दरावरून लावायचा असतो. तसा लावला तर सगळ्यात महाग निघतो घरफाळा. महापालिका कायद्याप्रमाणे थकलेल्या कराच्या रकमेवर दरमहा २ टक्के दंड लागतो, म्हणजे वर्षाला २४ टक्के. रक्कम लहान म्हणून तो मागे पडतो आणि वाढत राहतो. दंडमाफीची योजना येईल या आशेवर थांबण्यातही अर्थ नाही. ती कधी येईल आणि किती टक्के सूट देईल याचा भरवसा नसतो, दंड मात्र दरमहा चढतोच.

त्यानंतर पतसंस्थेचं १४ टक्क्यांचं कर्ज. अठरा हप्ते गेल्यावर शिल्लक १,१०,४०९. आणि त्याच इमारतीत, एका काउंटरच्या अंतरावर, साडेआठ टक्क्यांची ठेव. स्वतःचेच पैसे साडेआठनं देऊन चौदानं परत घेण्याचा हा व्यवहार कोल्हापुरात घरोघरी दिसतो. ठेव म्हणजे आधार वाटतो, कर्ज म्हणजे सवय होऊन जाते. शिवाय एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी : सहकारी बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. अडीअडचणीचा पैसा पतसंस्थेत ठेवू नये, याचं हे पुरेसं कारण आहे.

ठेव मोडायला गेल्यावर काउंटरवर ठरलेलं वाक्य ऐकू येतं : ‘ठेव कशाला मोडताय साहेब, ठेव तारण कर्ज काढा की.’ ठेव तारण कर्जाचा दर ठेवीपेक्षा एक-दोन टक्के जास्त असतो. चौदाच्या जागी साडेनऊ-साडेदहा झाले, तरी देणं देणंच राहतं. इथे ठेव मोडणंच बरोबर.

मुदतीआधी मोडल्यामुळे व्याज थोडं कापून १,२४,३०० मिळाले. त्यातून कर्जाचे १,१०,४०९ गेले, घरफाळा दंडासह ११,२०० गेला, आणि २,६९१ उरले. कर्ज बंद करताना चार गोष्टी त्याच दिवशी मागून घ्यायच्या : बेबाकी दाखला (देणं उरलं नसल्याचा), सही करून दिलेले कोरे चेक, जामीनदारांना मोकळं केल्याचं पत्र, आणि सभासद म्हणून कापलेल्या शेअर्सची रक्कम परत हवी असल्यास त्याचा अर्ज. कोरे चेक नंतर मिळतील म्हणून सोडून येऊ नये. आणि अशा कर्जाआधी एक प्रश्न विचारायचाच : व्याज घटत्या शिल्लकीवर आहे की सरळ? सरळ व्याजाचे ९ टक्के तीन वर्षांच्या कर्जात घटत्या हिशेबानं सोळाच्या पुढे जातात.

‘घरकर्ज ठेवा, कर वाचतो’ हा सल्लाही या घराला लागू नाही. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर येत नाही. दोघांचा मिळून वर्षाचा पगार ६,२४,०००, तोही दोन वेगळ्या विवरणपत्रांत. वाचवायला मुळात करच नाही.

दोन लाख गेले कुठे?

पतसंस्थेचं कर्ज गळतीसाठी काढलं, पण खर्च झाला आतून. वरच्या दोन खोल्यांचं पोपडे धरलेलं प्लास्टर काढलं, पुट्टी, पीओपी, रंग, आणि हॉललाही ‘आता काढलंच आहे तर’ म्हणून रंग. गच्चीवर फक्त एक पांढरा कोट मारला. २०२५ च्या जूनमध्ये त्याच कोपऱ्यात डाग आला. पाणी वरून येतं, पैसे खाली खर्च होतात, ही चूक इतकी सर्रास होते की तिच्यावर थोडं थांबायला हवं.

कोट किंवा कोबा (गच्चीवरचा सिमेंटचा जाड थर) ठरवण्याआधी पाणी कुठून येतं ते शोधायचं. त्यासाठी फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ चांगला, कारण सगळं कोरडं असतं आणि ओल आली तर ती आपण सोडलेल्या पाण्याचीच असते. गच्चीचे सिमेंटच्या छोट्या बांधानं तीन भाग करायचे. पावसाळी पाइपांची तोंडं घट्ट बंद करायची. एका वेळी एकाच भागात दोन इंच पाणी साठवायचं, पातळीवर खडूची रेघ मारायची आणि ४८ तास ठेवायचं. खाली रोज सकाळ-संध्याकाळ छत आणि भिंतीचा वरचा कोपरा हातानं चाचपायचा. एक भाग झाला की दोन दिवस सुकू द्यायचं आणि मग पुढचा. घाईनं सगळी गच्ची एकदम भरली तर गळती आहे एवढंच कळतं, कुठे आहे ते कळत नाही. टाकीचं ओव्हरफ्लो आणि त्या बाजूचे नळ या काळात बंद ठेवा, नाहीतर चाचणीच खोटी ठरते.

या घरात मधला भाग कोरडा निघाला. गळत होतं दोन ठिकाणी : पावसाळी पाइप जिथे स्लॅबमधून जातो तिथे, आणि पश्चिमेच्या कठड्याच्या बुडाशी, जिथे वाटा (कठडा आणि स्लॅबच्या सांध्यावरचा सिमेंटचा गोल उतार) फुटला होता. कोबा धड होता. ६०० चौरस फुटांच्या नव्या कोब्याचं कोटेशन ६९,००० चं आलं होतं. दुरुस्तीला लागले १२,०००.

काम असं : पाइपाभोवती चार इंच रुंद खाच काढून सैल माल साफ करायचा, न आकसणारा ग्राउट भरायचा. कठड्याचा फुटका वाटा पूर्ण काढून, जागा ओली करून, पॉलिमर मिसळलेल्या एकास तीन सिमेंट-वाळूच्या मालानं नवा गोल वाटा मारायचा आणि तो आठवडाभर पाण्यानं भिजवायचा. तो सुकल्यावर दोन्ही ठिकाणी जाळी घालून कोटिंगचे दोन हात, पहिल्याच्या आडव्या दिशेनं दुसरा, कठड्यावर एक फूट वर चढवून. मिस्त्री बऱ्याचदा जुन्या वाट्यावरच नवा माल थापतो. तसं केलं तर पहिल्याच उन्हाळ्यात तो सुटतो. काम झाल्यावर पुन्हा ४८ तासांची चाचणी घ्या आणि पैशांचा शेवटचा भाग त्यानंतरच द्या. आतला रंग पाऊस संपल्यावर, दिवाळीला.

पैशाची वाट

पतसंस्थेचा हप्ता थांबल्यावर महिन्याला ६,८३६ मोकळे झाले. ते सगळे घरकर्जात ओतायचे नाहीत. ठेव मोडल्यावर या घराकडे अडीअडचणीला काहीच उरलेलं नाही, आणि फौंड्रीत काम मंदावलं की पगारही पुढे-मागे होतो. हप्ता आणि घरखर्च मिळून महिन्याला साधारण ४०,००० लागतात. तीन महिन्यांचे १,२०,००० हे पहिलं उद्दिष्ट.

फेब्रुवारी २०२६ पासून ६,८३६ पैकी ३,००० बँकेच्या वेगळ्या बचत खात्यात, ३,८३६ घरात. पहिल्या चार महिन्यांचे ते १५,३४४ आणि आधीचे उरलेले २,६९१ मिळून १८,०३५ होतात. त्यातून गच्चीचे १२,००० आणि स्प्रेडचे ५,९०० भागतात. जूनपासून हे महिन्याचे ३,८३६ घरफाळा, घराचा विमा आणि शाळेच्या खर्चाला. चालू वर्षाचा घरफाळा सवलतीच्या मुदतीत एकरकमी भरायचा.

भिशी बारा जणांची, चिठ्ठीची, लिलाव नसलेली. शेवटचा नंबर मे महिन्यात, ६०,००० मिळणार. ते थेट त्याच बचत खात्यात. नवी भिशी लगेच ५,००० ची लावायची नाही. गल्लीतला व्यवहार तोडायची गरज नाही, २,००० ची ठेवावी आणि ३,००० ची बँकेत आवर्ती ठेव लावावी. भिशीनं शिस्त लागते हे खरं, पण शेवटचा नंबर घेणारा वर्षभर बाकीच्यांना बिनव्याजी पैसे देत असतो आणि हातात कागद काहीच नसतो.

हिशेब जुळतो तो असा : बारा महिन्यांचे ३६,०००, भिशीचे ६०,०००, जूनपासून आठ महिन्यांच्या आवर्ती ठेवीचे २४,०००. जानेवारी २०२७ अखेर १,२०,०००. फेब्रुवारी २०२७ पासून बचतीचे ३,००० घरकर्जाकडे वळवायचे आणि हप्ता २३,२०७ करून घ्यायचा. दर साडेसातच राहिला, तर कर्ज २०३९ च्या जून-जुलैत फिटतं, मूळ तारखेच्याही दीड वर्ष आधी. तेव्हा वय ५४. आजपासूनचं एकूण व्याज १३ लाख ८५ हजार, बँकेनं सुचवलेल्या वाटेपेक्षा १७ लाख ३३ हजारांनी कमी.

जादा पैसे भरण्यात एक गोची आहे. मोबाइलवरून कर्ज खात्यात नुसते ३,००० टाकले, तर काही बँकांची यंत्रणा ते आगाऊ हप्ता म्हणून धरते. मुद्दल कमी होत नाही, पैसे नुसते पडून राहतात. म्हणून एकतर लेखी अर्ज देऊन हप्ताच वाढवून घ्यावा, किंवा रक्कम साठवून ‘मुद्दलात जमा, मुदत कमी करावी’ असं लिहून भरावी. दुसऱ्या दिवशी उताऱ्यात शिल्लक तेवढीच उतरली का ते बघायचं.

विम्याच्या दोन फटी

कर्ज घेताना बँकेनं एकरकमी हप्त्याचा कर्ज विमा दिला होता. त्याचं संरक्षण मूळ २० वर्षांच्या वेळापत्रकाप्रमाणे दरवर्षी घटतं. त्या वेळापत्रकात आज शिल्लक असायला हवी होती २१ लाख ५३ हजार. प्रत्यक्षात आहे २३ लाख १८ हजार. म्हणजे उद्या काही बरंवाईट झालं तर १ लाख ६५ हजार कुटुंबाच्या अंगावर पडतात. २०५१ ची मुदत तशीच ठेवली असती तर ही फट रुंदावत गेली असती, आणि २०४१ नंतर तर विमाच नसता. नवऱ्याच्या नावावर साधा टर्म विमा घ्यावा, कर्जाशी न जोडलेला, नॉमिनी म्हणून बायकोचं नाव घालून.

दुसरी फट घराची. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ मध्ये नदी ५५ फुटांच्या वर गेली होती. बँकेनं घेतलेला विमा असतो तो इमारतीचा. फ्रीज, वॉशिंग मशीन, शिलाई मशीन, गाद्या त्यात येतीलच असं नाही. भारत गृह रक्षा या प्रमाणित पॉलिसीत पूर धरलेला आहे आणि इमारतीचा विमा घेतला की घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, संरक्षण त्यातच येतं. रक्कम ठरवताना घराचा बाजारभाव लिहायचा नाही. जागेची किंमत त्यात येते, आणि जागा काही वाहून जात नाही. तेवढंच बांधकाम आज नव्यानं करायला किती लागेल, ती रक्कम लिहायची.

हे गणित बिघडू शकतं ते दोन कारणांनी. रेपो पुन्हा वर गेला, तर दर बदलल्याच्या महिन्यातच हप्ता किती वाढवावा लागेल ते बँकेला लेखी विचारायचं आणि मुदत न वाढवता झेपेल तेवढा हप्ता वाढवायचा. पगार थांबला, तर आधी जादा ३,००० बंद, मग आवर्ती ठेव, मग १,२०,००० ला हात, आणि त्यानंतरच हप्ता कमी करण्याचा अर्ज. तो अर्ज द्यावा लागला तरी हप्ता चुकण्याआधी द्यावा. एकदा हप्ता चुकला की सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, डाग पडतो, आणि कमी स्प्रेड मागताना ‘माझे सर्व हप्ते वेळेवर गेले आहेत’ हे वाक्य लिहिता येत नाही.